पेटीमागे १७५ रुपये : माळव्याची अफू आणि मुंबईचे इमान

मुंबईच्या गुन्हेगारी जगाचा इतिहास लिहिणारे बहुधा १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून आरंभ करतात. ओघाने हातभट्ट्या येतात, सोन्याची बिस्किटे येतात, मॅन्ड्रॅक्सच्या गोळ्या येतात. या साऱ्या हकिकतींत एक ठिकाण हटकून येते, ते म्हणजे सांताक्रूझचा विमानतळ. जुहूच्या धावपट्टीवरची नागरी वाहतूक १९४८ मध्ये सांताक्रूझला आली, आणि १९८१ मध्ये सहारचे टर्मिनल उघडेपर्यंत परदेशाहून विमानाने मुंबईला येणारा प्रवासी येथेच उतरत असे. त्यामुळे कादंबऱ्यांत आणि हिंदी चित्रपटांत 'सांताक्रूझ' म्हटले की बॅग, खेप आणि कस्टमचा साहेब असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्या कथांचा साचाही ठरलेला असतो : एकाच मालावर डोळा असलेल्या दोन टोळ्या, आणि दोघींचे मीठ खाल्लेला मधला माणूस.

हा साचा मुंबईत विमानाच्या फार आधीपासून आहे. सांताक्रूझला विमाने उतरू लागली त्याच्या सव्वाशे वर्षे आधी याच बेटावर एका अमली पदार्थावरून दोन गटांची जीवघेणी स्पर्धा चालली होती. माल होता अफू आणि गिऱ्हाईक होते चीन. त्या दोन गटांपैकी एक म्हणजे खुद्द सरकार होते. दुसरा गट त्याच सरकारच्या छत्राखाली राहणाऱ्या, त्याच्या दरबारात मानाने बसणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांचा. या स्पर्धेत कोण कोणाशी इमानी राहिले, आणि ते इमान अखेर कशाने ठरले, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

कलकत्त्याचा मक्ता

१७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता आपल्याकडे घेतला. शतक संपेपर्यंत तिने लागवडच थेट आपल्या ताब्यात आणली. शेतकऱ्याने किती जमिनीत खसखस लावायची, चीक कोणाला आणि काय दराने द्यायचा, हे कंपनीचा एजंट ठरवी. तयार माल पाटणा आणि गाझीपूरच्या वखारींतून कलकत्त्याला येई आणि तेथे त्याचा जाहीर लिलाव होई.

येथपर्यंत सारे कायदेशीर होते. पुढची पायरी मात्र अवघड होती. चीनच्या सम्राटाने १७२९ मध्येच अफूच्या विक्रीला बंदी घातली होती, आणि पुढील बादशहांनी ती अधिक कडक केली. कंपनी चीनमधून चहा घेत असे. आपल्या जहाजांवर अफू सापडली तर चहाचा परवानाच जाण्याची भीती होती. म्हणून कंपनीने युक्ती केली. लिलावात अफू विकली की तिची जबाबदारी संपली. खासगी व्यापारी ती आपल्या गलबतांतून कँटनच्या खाडीत नेत, लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या गोदामवजा जहाजांवर उतरवत, आणि तेथून चिनी दलाल वेगवान वल्ह्यांच्या होड्यांतून ती रातोरात किनाऱ्याला लावत. किंमत चांदीत मिळे. ती चांदी हे व्यापारी कँटनमधील कंपनीच्याच खजिन्यात भरत आणि बदल्यात लंडनच्या किंवा कलकत्त्याच्या हुंड्या घेत. त्या चांदीने कंपनी चहा विकत घेई.

हे चक्र नीट ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ त्यात आहे. तस्करांच्या हातून आलेल्या चांदीवाचून कंपनीचा चहा चालत नव्हता.

माळव्याची काळी जमीन

मक्त्याला तडा गेला तो मराठी सरदारांच्या मुलखातून. माळव्यात, म्हणजे उज्जैन, इंदूर, मंदसोर, रतलाम, प्रतापगड या पट्ट्यात, कापसाच्या काळ्या जमिनीत खसखस उत्तम येई. पाऊस सरल्यावर पेरणी, माघ-फाल्गुनात बोंडांना चिरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठलेला चीक खरवडून घेणे, असा तिचा क्रम. चीक वाळू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवीत, मग सावकाराच्या वाड्यात त्याचे गोळे करून महिनोन्‌महिने सुकवीत. शेतकऱ्याला आगाऊ पैसे सावकार देई, सावकाराला मोठी पेढी देई, आणि पेढीची हुंडी मुंबईत वटे. खेड्यातल्या बोंडापासून मुंबईच्या बंदरापर्यंत ही एकच साखळी होती आणि तिच्यात कंपनीचा एकही दुवा नव्हता.

हा मुलूख प्रामुख्याने शिंदे आणि होळकर यांचा. अफूवर लावणीचा सारा मिळे आणि नाक्यानाक्यावर जकात मिळे. लढायांनी रिकाम्या झालेल्या खजिन्यांना हे उत्पन्न रोख आणि खात्रीचे होते.

माळव्याची अफू बंगालच्या अफूपेक्षा स्वस्त पडे आणि कँटनच्या गिऱ्हाइकाला ती हळूहळू आवडू लागली. कलकत्त्याला धोका कळला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मुंबई सरकारला हुकूम झाला, की आपल्या बंदरांतून माळव्याची अफू बाहेर जाऊ देऊ नये. मुंबईचे गव्हर्नर कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलचे ताबेदार होते, तेव्हा हुकूम बजावला गेला. पण मुंबई इलाख्याची तिजोरी नेहमीच तुटीत असे आणि मुंबईच्या बंदराचे पोट व्यापारावर होते. जो व्यापार बंद करण्याचे काम अंगावर आले, त्याच व्यापाराने शहर मोठे होऊ पाहत होते.

दमणची वाट

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्याच वर्षाच्या आरंभी मंदसोरच्या तहाने होळकर कंपनीचे मांडलिक झाले. माळवा आता आपल्या मुठीत आला, असे कलकत्त्याला वाटले. कंपनीने आधी स्वतःच माळव्याची अफू खरेदी करून ती मुंबई-कलकत्त्याला लिलावाने विकण्याचा घाट घातला. परिणाम उलटा झाला. मोठे गिऱ्हाईक बाजारात उतरल्याबरोबर भाव चढले, आणि भाव चढलेले पाहून शेतकऱ्यांनी लागवड वाढवली. मग कंपनीने १८२० च्या दशकाच्या मध्यास संस्थानिकांशी करार करण्याचा मार्ग धरला. त्यांनी लागवड आणि वाहतूक आवरायची, कंपनीने नुकसानीची भरपाई द्यायची. होळकरांसह अनेकांनी सह्या केल्या.

ग्वाल्हेरने केली नाही. असईच्या रणात १८०३ मध्ये हरलेले आणि १८१७ च्या तहाने बांधले गेलेले दौलतराव शिंदे या एका गोष्टीत नमले नाहीत. १८२७ मध्ये ते वारल्यानंतर कारभार कागलच्या घाटगे घराण्यातील बायजाबाईंच्या हाती आला. उज्जैनच्या सावकारीत बायजाबाईंचा स्वतःचा पैसा गुंतलेला होता. राज्याचे आणि पेढीचे हित येथे एकत्र आले होते. शिंद्यांचा मुलूख माळव्यात ठिकठिकाणी विखुरलेला असल्यामुळे त्यांच्या सहीवाचून बाकीच्यांच्या सह्यांना अर्थ उरत नव्हता.

माल निघाला, पण मुंबईला येणार कसा? व्यापाऱ्यांनी वाट शोधली. उंटांचे तांडे माळव्यातून मारवाडात पालीला, तेथून जेसलमेरच्या वाळवंटातून कराचीला, आणि कराचीहून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला जात. सरळ वाटेच्या कितीतरी पट हा फेरा होता. वाटेत जकाती होत्या, लुटारू होते, आणि कंपनीने नेमलेल्या पहारेकऱ्यांशी चकमकीही होत. तरी पेट्या जात राहिल्या. दमणला पोर्तुगीज निशाण फडकत होते, त्यामुळे तेथून चीनकडे निघालेल्या मालाला मुंबईचा कायदा हात लावू शकत नव्हता.

या व्यापारामागचा पैसा आणि डोके मात्र मुंबईचे होते. जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद, होर्मसजी दोराबजी आणि रोजेरिओ द फारिया ही त्यांतली ठळक नावे : पारशी, जैन आणि गोव्याचा ख्रिस्ती. तिघांच्या देवघरांत तीन देव, हिशेबाची वही मात्र सामाईक. कोणत्याही एका जातीच्या पेढीला हा पसारा झेपणारा नव्हता. उज्जैनच्या हुंड्या एकाच्या ओळखीवर चालत, दमणचा गव्हर्नर दुसऱ्याच्या शब्दात असे, आणि कँटनच्या अडत्याशी तिसऱ्याचा घरोबा असे.

यांपैकी फारियाची कहाणी दुभंगलेल्या इमानाचा नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. माणूस गोव्याचा, घर मुंबईत, राज्य इंग्रजांचे आणि निशाण पोर्तुगीजांचे. १८३५ मध्ये बर्नार्दो पेरेस द सिल्वा हे गोव्याचे भूमिपुत्र पोर्तुगीज हिंदुस्थानचे प्रमुख नेमले गेले आणि अवघ्या काही दिवसांत तेथील गोऱ्या लष्करी गटाने त्यांना हुसकून लावले. त्यांनी मुंबईचा आसरा घेतला. त्यांना गादी परत मिळवून देण्यासाठी जी आरमारी मोहीम निघाली तिला पैसा फारियाने पुरवला. वादळाने मोहीम मोडली. फारियाचेही पुढे दिवाळे निघाले. अफूच्या पैशाने एका भूमिपुत्राचे राज्य परत आणण्याचा हा प्रयत्न आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

सरकारची माघार

कंपनीपुढे पेच पडला. मुंबईच्या किनाऱ्यावर ती जी पेटी जप्त करू पाहत होती, तीच पेटी दमणमार्गे कँटनला पोचली की तिची चांदी कंपनीच्याच खजिन्यात येत होती. पहारेकरी, खबरे आणि संस्थानिकांची भरपाई यांचा खर्च वाढत होता आणि माल थांबत नव्हता. शिवाय ज्या संस्थानांशी नुकतीच मैत्री जोडली, तेथे रोज कुरबुरी होत होत्या. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम होते. त्याआधी १८१८ पासून तीनेक वर्षे त्यांनी माळव्याचा कारभार पाहिला होता. तेथील सावकार आणि शेतकरी या दोघांनाही ते ओळखत होते. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस निर्बंध सोडून देण्याचे ठरले.

१८३१ च्या सुमारास नवी पद्धत आली. माळव्याची अफू ज्याला सरळ मुंबईला आणायची असेल त्याने पेटीमागे १७५ रुपये भरून पास घ्यावा. पास असला की तीच पेटी त्याच रस्त्याने उजळ माथ्याने यावी. काल ज्या कृत्याला तस्करी म्हणत होते त्याला आज व्यापार म्हणू लागले, आणि दोहोंमधले अंतर १७५ रुपयांचे ठरले.

ही रक्कम कशी ठरली आणि पुढे कशी बदलली, हे पाहण्यासारखे आहे. दमणचा फेरा घेण्यापेक्षा पास स्वस्त पडला पाहिजे, हे तिचे गणित होते. तो पुरेसा स्वस्त वाटेना आणि माल दमणकडे वळत राहिला, तेव्हा १८३५ मध्ये दर १२५ रुपयांवर उतरवला गेला. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकले आणि कराचीची वाट बंद झाली. व्यापाऱ्याला आता दुसरा रस्ता उरला नाही. त्याच वर्षी दर २०० झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. प्रतिस्पर्ध्याची पर्यायी वाट मोडली की खंडणी वाढवायची, ही रीत पुढच्या शतकातल्या टोळ्यांनी नव्याने शोधलेली नाही.

अमर फारुकी यांनी १९९८ च्या आपल्या 'स्मगलिंग ॲज सबव्हर्जन' या ग्रंथात असे मांडले आहे, की माळव्याच्या अफूची तस्करी ही वसाहतवादी मक्त्याला पश्चिम हिंदुस्थानच्या भांडवलाने दिलेली टक्कर होती, आणि तिच्यामुळेच बंगालप्रमाणे येथील व्यापारी वर्ग नामशेष झाला नाही. १८३१ पर्यंतच्या काळाला हे विवेचन चपखल बसते. पण पुढे काय झाले, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. वाट मोकळी होताच टक्कर देणारे भागीदार झाले. सरकारशी त्यांचे वैर तत्त्वाचे नव्हते, दराचे होते. म्हणून दर जुळला तेव्हा वैर मिटले.

कँटनचा तडाखा

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. लहानपणीच पोरके झालेला हा मुलगा तरुणपणी चीनच्या सफरी करू लागला. १८०५ च्या सफरीत 'ब्रन्सविक' हे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्या जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक डॉक्टर होता. संकटात जुळलेली ही ओळख पुढे दोघांना फळली. १८३२ मध्ये कँटनला जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी निघाली तेव्हा मुंबईहून तिला माल पुरवणारा सर्वांत भरवशाचा हात जमशेटजींचा होता. त्यांच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेल्या आहेत.

१८२० च्या आसपास चीनमध्ये वर्षाला चार-पाच हजार पेट्या जात. १८३८-३९ मध्ये तो आकडा सुमारे ४०,००० वर गेला. कलकत्ता आणि मुंबई या दोन गटांच्या चढाओढीचे हे फळ होते. माळव्याचा माल वाढला म्हणून कंपनीने बंगालची लागवड वाढवली, आणि दोन्हींच्या भरतीने भाव उतरले, तसे नवे गिऱ्हाईक लागत गेले. त्या घरांची मोजदाद कोणत्याही वहीत नाही.

मार्च १८३९ मध्ये सम्राटाचा खास अधिकारी लिन झेशू कँटनला आला. त्याने परदेशी वखारींना वेढा घातला आणि २०,२८३ पेट्या ताब्यात घेऊन जून महिन्यात चुना-मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडून दिल्या. त्यांतला मोठा हिस्सा हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा होता. इंग्रज अडत्यांकडे तो केवळ विक्रीसाठी ठेवलेला होता. मुंबईत हाहाकार उडाला. इंग्रज अधिकाऱ्याने भरपाईची हमी दिली होती, पण पैसा हाती यायला वर्षे लागली. १८४२ च्या नानकिंगच्या तहात चीनकडून अफूपोटी ६० लाख डॉलर वसूल केले गेले. भागाकार केला तर पेटीमागे तीनशे डॉलरही पडत नाहीत.

त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. युद्धाने चीनची बंदरे उघडली, तशी इंग्रज पेढ्यांना हिंदी भागीदाराची गरज कमी होत गेली. एका हाताने मान मिळत होता आणि दुसऱ्या हाताखालचा धंदा सरकत होता. पुढे बगदादहून १८३२ मध्ये मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याने थेट माळव्यात पैसा लावून बाजार काबीज केला.

खाडीवरचा रस्ता

या पैशाचे काय झाले, हे सांताक्रूझच्या माणसाला वेगळे सांगायला नको, इतके ते त्याच्या पायाखाली आहे. साष्टी बेट आणि माहीम यांच्यामध्ये खाडी होती, आणि वांद्रे, सांताक्रूझ, जुहूच्या गावकऱ्यांना भाजी, मासळी, ताडी घेऊन शहरात जायचे तर तरीवर अवलंबून राहावे लागे. सरकारने पूल बांधण्यास पैसा दिला नाही. जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी तो दिला : १,५७,००० रुपये. काम १८४३ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. या रस्त्यावर कधीही टोल घेऊ नये, अशी अवाबाईंची अट होती. वर दिलेल्या पासाच्या दरांशी ही दोन साले जुळवून पाहावीत. पूल बांधायला घेतला त्या वर्षी पेटीचा दर २०० झाला, आणि पूल खुला झाला त्या वर्षी ३००.

त्या रस्त्याने साष्टीची गावे शहराला जोडली गेली. घोडबंदर रोड, म्हणजे आजचा एस. व्ही. रोड, वांद्र्याहून सांताक्रूझवरून उत्तरेला जातो. पश्चिम उपनगरांचा हा कणा शहराला भिडतो तो त्या बांधापाशी. जे. जे. रुग्णालय १८४५ चे, जे. जे. कलाशाळा १८५७ ची. यांतून लाखो माणसे बरी झाली आणि शिकली, हे खरे आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. अवाबाईंची टोलमाफीची अट आजच्या काळात तर अधिकच उठून दिसते.

पण दानाची पाटी अर्धाच जमाखर्च सांगते. नावेच्या बाजूला चीनमधली घरे आहेत, आणि माळव्यातला तो शेतकरी आहे, ज्याला उचल घेतल्यावर गहू लावायची मोकळीक राहिली नाही. हा प्रश्न आपल्याकडील शहाण्यांना पडला नव्हता असेही नाही. दादाभाई नौरोजी लंडनच्या कामा आणि कंपनीतून बाहेर पडले त्यामागे तिथला अफू-दारूचा व्यापार हे एक कारण होते, आणि पुढे त्यांनी अफूच्या महसुलावर लेखणी चालवली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०७ च्या अर्थसंकल्पावर बोलताना या उत्पन्नाची आपल्याला शरम वाटते, असे सांगितले. देशाच्या तिजोरीला तोटा होणार हे ठाऊक असूनही त्यांनी तो तोटा मान्य केला. या हकिकतीतला स्वतःच्या हिताविरुद्ध बोलणारा आवाज शोधायचा तर तो येथे सापडतो. चीनला जाणारी अफू १९१३ मध्ये थांबली.

आजचा हिशेब

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार अडीच किलो अफू ही 'व्यापारी प्रमाण' धरली जाते, आणि त्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. माळव्याची एक पेटी भरे सुमारे ६० किलो, म्हणजे या प्रमाणाच्या चोवीस पट. आजही मंदसोर, नीमच, रतलाम भागात औषधांसाठी सरकारी परवान्याने खसखस पिकते, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. कंपनीच्या अफू-करारावर सही न करणाऱ्या शिंद्यांच्या राजधानीतून आता लागवडीचे परवाने निघतात.

गुन्हेगारी कथेत फितूर कोण, हे शेवटच्या प्रकरणात कळते. या इतिहासात मात्र तो प्रश्नच नीट लागू पडत नाही. जो तो आपल्या वहीशी इमानी होता : शिंदे जकातीशी, मुंबईचे गव्हर्नर तुटीच्या तिजोरीशी, जमशेटजी आपल्या नावाशी आणि शहराशी, कंपनी चहाशी. प्रत्येकाची वही चोख होती. ज्याचे नाव कोणाच्याच वहीत नव्हते, त्याच्याशी इमान राखण्याची पाळी कोणावर आली नाही. विमानतळावर पोटात कॅप्सूल घेऊन सापडलेल्या एखाद्या गरीब वाहकाची बातमी आपण वाचतो तेव्हा गुन्हेगाराचा चेहरा स्पष्ट दिसतो. पेटी जेव्हा पास घेऊन, पावतीसह, सरकारी रस्त्याने येते, तेव्हा चेहरा दिसत नाही, आणि मुंबईच्या अफूच्या इतिहासात बहुतेक पेट्या तशाच आलेल्या आहेत.